आकडा वाढला, मग औषध कुठे गेलं?



दरवर्षी बजेट आलं की मंत्री सांगतात, "आरोग्यावर यंदा जादा पैसा दिला." मग दवाखान्यात आपल्या हातात "औषध संपलं, बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी का पडते? मंत्री खोटं बोलतात का? नाही. आकडा वाढलेलाच असतो. फसवणूक आकड्याच्या पोटात आहे.

एक हिशेब मांडू. समजा, दहा वर्षांमागे सरकारने १०० घरांच्या औषधाला १०० रुपये दिले. आज १५० देतं. बोलायला ५० वाढले. पण तेव्हा १०० ला मिळणारं औषध आज २०० ला मिळतं. म्हणजे १५० रुपयांत जुन्या भावाने ७५ चंच औषध आलं. त्यात घरं १०० ची १२० झाली. तेव्हा घरामागे रुपयाचं औषध होतं, आज साडेबासष्ट पैशांचं. याला वाढ म्हणायचं की कपात?

हा हिशेब समजण्यापुरता आहे. पण सरकारच्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच कबुली आहे: देशाच्या एकूण उत्पन्नात सरकारी आरोग्य खर्चाचा वाटा १९९० साली १.३ टक्के होता, १९९९ साली ०.९ टक्के उरला. या काळात महागाई दुपटीच्या वर गेली. लोकसंख्या १९९१ ला ८४ कोटी होती, २००१ ला १०२ कोटी झाली. धोरणात म्हटलं होतं, तेव्हा सरकारचा खर्च माणशी वर्षाला २०० रुपयांहून जास्त नव्हता. तेव्हा आरोग्यावर जाणाऱ्या १०० रुपयांतले सरकारचे १७ च होते, बाकीचे लोकांच्या खिशातले.

आता आपला खिसा कोणता? आपला खिसा म्हणजे शेळी, वीटभट्टीच्या शेठची उचल, नाहीतर प्लॉट. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावर एका पोराला ताप भरला. दवाखान्यात गोळ्या नाहीत, गाडीला डिझेल नाही. जीप करून तालुक्याला नेलं. पोर वाचलं. पण बापाने सावकाराला उभी नागली लिहून दिली आणि दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर गेलं. प्लॉट ओसाड दिसला की फॉरेस्टवाला चर खणायला टपलेलाच असतो.

काही साथी विचारतात, संघटना जमिनीसाठी आहे, दवाखान्याचं कशाला काढता? साथींनो, दवाखाना रिकामा राहिला की जमीन हातची जाते. ३ मे २००२ ला केंद्राने राज्यांना पत्र काढलं, ३० सप्टेंबरच्या आत जंगलातली अतिक्रमणं काढा. आपल्याला उठवायला तारीख ठरते. पाड्यावर औषध पोचवायला तारीख का ठरत नाही?

२००२ साली म्हणाले होते, २०१० पर्यंत आरोग्याचा वाटा २ टक्के करू. नुसत्या आकड्यावर भुलू नका. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा:

१) आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा नियम आहे. आपल्याकडे किती लोकांमागे आहे?
२) पाच वर्षांमागे औषधाला किती रुपये आले, त्यात किती गोळ्या आल्या? यंदा किती?
३) त्या गोळ्या माणशी किती पडल्या?

उत्तर रुपयात दिलं तर घेऊ नका. गोळ्या मोजून मागा.

जमीन आमच्या हक्काची, दवाखानाही आमच्या हक्काचा! जिंदाबाद!