जीर्णोद्धार वाहनाचा

विजयादशमीस शस्त्रांबरोबर वाहनांचेही पूजन करण्याची आपली चाल आहे. दादरच्या फुलबाजारातून आणलेला झेंडू वाहताना गिरगाव-लालबागच्या घरांत आता नवाच प्रश्न निघतो: विजेवर चालणारी चार-पाच वर्षांची दुचाकी दुरुस्त करावी, की मुहूर्तावर नवी आणावी?

अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी स्वतंत्र सांगितला आहे. खांब कलला म्हणून कोणी देऊळ मोडीत नाही; आधी जीर्ण काय झाले ते पाहतात. दुचाकी कमी अंतर जाऊ लागली की दोष बॅटरीचाच असे नव्हे. चाकांतील हवा, घासणारा ब्रेक, चार्जर हेही तपासावेत. बॅटरीतील घटांचा एक गट दुबळा झाला तरी साऱ्या संचाची शक्ती घटते, हे खरे. पण तो संच गल्लीतल्या कारागिराकडून उघडविणे आम्हांस मान्य नाही. २०२२ साली देशात अशा दुचाक्यांना आगी लागल्या, आणि १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे कडक निकष लागू होऊ लागले. त्यापूर्वीच्या वाहनास या निकषांची बॅटरी उत्पादक देत असेल, सांगाडा व मोटर धड असेल, तर बॅटरीच बदलावी. देत नसेल तर मोह सोडावा.

अनुदानासाठी घाई नको. केंद्राचे साहाय्य २०२४-२५ मध्ये किलोवॅट-तासामागे ५००० रुपये होते, ते पुढील वर्षी २५०० वर आले. चाळकऱ्यांनी रंगाआधी बॅटरी काढून वर नेता येते का, हे पाहावे. जिन्यात मात्र ती चार्ज करू नये. उतरण्याची वाट बहुधा तीच एक असते. जुनी बॅटरी भंगारात घालू नये. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.