पाठलाग करणारा मोकळा, आणि मुलगी कोंडलेली!

शाळेस निघालेल्या मुलीच्या मागें एखादा टवाळ रोज फाट्यापर्यंत मोटारसायकल घेऊन जातो, ती एसटीची वाट पाहत उभी राहिली म्हणजे समोर येऊन उभा राहतो, कोठून तरी तिचा नंबर मिळवून रात्रींअपरात्रीं फोन करितो. मुलगी नको म्हणते, तरी हटत नाहीं. महिना दोन महिने ती हें सारें गिळते. मग एके दिवशीं घरीं कळतें. तेव्हां आमच्या घरांत न्याय कसा होतो? बाप म्हणतो, "उद्यांपासून शाळा बंद." आई म्हणते, "तूंच कांहीं केलें असशील." मामा स्थळ पाहूं लागतो. ज्यानें गुन्हा केला तो पारावर हसत बसतो, आणि जिचा कांहींच अपराध नाहीं ती घरांत कोंडली जाते! चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची ही रीत आम्हां शेतकरी-कारागिरांच्या घरांत अजून चालू आहे, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

बुलढाण्याच्या लोकांस तर ही लाज दुप्पट वाटली पाहिजे. 1881 सालीं सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीस नांवें ठेवणें चाललें, तेव्हां याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 1882 सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक लिहून, दोष पुरुषांतही असतां बोल एकट्या बाईस कां, असा रोकडा सवाल केला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद. पुस्तकावर टीका झाली तेव्हां जोतीराव फुले 1885 सालीं 'सत्सार'मधून ताराबाईंच्या बाजूनें उभे राहिले. खुद्द सावित्रीबाईंवर शाळेच्या वाटेवर शेण व दगड पडले. म्हणून जोतीरावांनीं त्यांस घरांत बसविलें नाहीं, आणि त्याही बसल्या नाहींत.

त्या काळीं कायद्याचा आधार नव्हता, आज आहे. डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर न्यायमूर्ति वर्मा यांची समिती बसली, आणि 2013 सालीं पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमांत आहे. बाईनें नको असें स्पष्ट दर्शविल्यावरही जो पुरुष वारंवार तिच्या मागें जातो, लगट करूं पाहतो, किंवा तिच्या मोबाईल-इंटरनेटवर पाळत ठेवितो, त्यास पहिल्या वेळीं तीन वर्षांपर्यंत कैद व दंड; पुन्हां दोषी ठरला तर पांच वर्षांपर्यंत. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर 2012 चा पोक्सो कायदाही लागू होतो.

आतां करावें काय, तें नीट ध्यानांत ठेवा. आलेले मेसेज पुसूं नका; तारीख, वेळ, ठिकाण वहींत लिहून ठेवा. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यांत देतां येते. हद्द आमची नाहीं, ही सबब चालत नाहीं. जबाब बाई अधिकाऱ्यानेंच घ्यावयाचा असतो, व फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यांत दाद लागली नाहीं तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस टपालानें लेखी कळवावें. वकिलाचे पैसे कोठून आणावे, ही चिंता नको; 1987 च्या कायद्यानें कोणत्याही बाईस, मिळकत न पाहतां, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. संकटाच्या वेळीं 112, बायांसाठीं 181, मुलांसाठीं 1098 हे फोन आहेत.

कोणी म्हणेल, गांवांतली गोष्ट गांवांतच मिटवावी. मिटवितो कोण? पोरगा बड्या घरचा आणि मुलगी लोहार, कुंभार किंवा मजुराची असली म्हणजे पंच "पोरच तें, चुकलें" म्हणून पाठ थोपटतात. हा गुन्हा मिटविण्याचा अधिकार कायद्यानें पंचांस दिलेला नाहीं. भटशाहीच्या नांवानें बोटें मोडणारे आपण, आपल्याच घरांत हा अन्याय चालवूं लागलों तर आपल्यांत नि त्यांच्यांत फरक तो काय राहिला?

आणि "चार दिवसांनीं आपोआप थांबेल" असें मानणाऱ्यांनीं आपल्याच विदर्भांतलें हिंगणघाट आठवावें. 3 फेब्रुवारी 2020 रोजीं कामावर निघालेल्या एका तरुण अध्यापिकेस, तिच्या मागें लागलेल्या इसमानें भर रस्त्यांत पेट्रोल टाकून पेटविलें. आठवड्यानें ती गेली. 2022 सालीं त्यास जन्मठेप झाली; पण लेक परत आली नाहीं. ठिणगी असतांनाच पाय द्यावा लागतो.

दर 12 जानेवारीस सिंदखेड राजास जिजाऊंच्या नांवानें लोकांचा महापूर लोटतो. तेथून परततांना प्रत्येक बापानें लेकीस इतकेंच सांगावें, "बाई, तुला कोणी त्रास दिला तर पहिल्या दिवशीं मला सांग, तुझी शाळा बंद होणार नाहीं." आणि प्रत्येक आईनें आपल्या पोरास समोर बसवून विचारावें, "तूं कोणाच्या मागें तर जात नाहींस ना?" हा दुसरा प्रश्न घरोघर विचारला जाईल, तर पहिल्याची वेळ फारशी यावयाची नाहीं.