टेनिसला पेठ मिळते तेव्हा

टेनिसबद्दल कोल्हापूरकराची मुख्य तक्रार अशी, की तिथं गप्प बसावं लागतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की ज्याचा घसा दोन दिवस बसलेला असतो, त्याला ‘सर्व्हिस होईपर्यंत खोकू नका’ सांगणं म्हणजे शिक्षाच. शिवाय ओरडायचं तरी कुणासाठी? तिथं जो तो स्वतःसाठी खेळतो. गुण त्याचे, बक्षिसाची रक्कम त्याची. पेठ नाही, तालीम नाही, मग ईर्षा कुठून येणार?

या खेळाला पेठ मिळते ती डेव्हिस करंडकात. १९०० साली अमेरिका आणि ब्रिटन अशा दोनच संघांनी सुरू झालेली ही पुरुषांची सांघिक स्पर्धा. इथं गुणफलकावर खेळाडूच्या आधी देशाचं नाव लागतं, न खेळणारा कर्णधार कोर्टालगतच्या बाकावर बसून दर ब्रेकला कानात काहीतरी सांगतो आणि प्रेक्षक ढोल घेऊन येतात. पंचही एरवीपेक्षा जास्त सोसतात.

पण या पेठेतलं खरं वातावरण बघायला मिळायचं ते अंतिम फेरीत नाही, विभागीय फेरीत. देश वाढले तसे १९२३ पासून स्पर्धेचे विभाग पडले. १९८१ मध्ये वरच्या सोळा देशांचा जागतिक गट झाला आणि बाकीचे आपापल्या विभागात राहिले. आपला विभाग होता आशिया-ओशियाना. यात एका टोकाला लेबनॉन, दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड आणि मध्ये उझबेकिस्तान, कोरिया, चीन. भूगोलाच्या मास्तरांनी हात टेकावेत असा हा विभाग! जोडी ठरली की दोघांपैकी एकानं दुसऱ्याच्या घरी जायचं. कोर्ट हिरवळीचं की सिमेंटचं, हे यजमान ठरवणार. तेव्हा लढत तीन दिवस चालायची, चार एकेरी, एक दुहेरी.

या विभागीय फेरीकडं आपल्याकडं जरा नाक मुरडूनच पाहिलं गेलं. कारण उघड होतं. २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं भारत विभागातून वर आला आणि जागतिक गटाच्या दारात प्ले-ऑफमध्ये हरला. सर्बिया, चेक प्रजासत्ताक, स्पेन, कॅनडा आणि पुन्हा सर्बिया. ‘विभागातले वाघ’ हा शेरा त्यातूनच आला. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. कारण मोठं टेनिस आपल्या दारात आलं, ते याच विभागाच्या वाटेनं.

पुण्याचंच घ्या. १९७४ मध्ये भारतानं तेव्हाच्या पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. टायब्रेक नसलेल्या त्या काळात ती लढत ३२७ गेमपर्यंत लांबली. विभागाचा विजेता म्हणून मग पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टावर सोव्हिएत संघाशी उपांत्य लढत झाली आणि अमृतराज बंधूंच्या संघानं ती ३-१ अशी जिंकली. पुढं अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिका होती. तिथल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ भारतानं खेळायला नकार दिला आणि करंडक न खेळताच समोरच्याला गेला. डेव्हिस करंडकाच्या इतिहासात अंतिम सामना असा एकदाच सुटला. भारताचा करंडक तेव्हा हुकला, पण त्या वाटेवरचा शेवटचा जिंकलेला सामना महाराष्ट्रातला आहे, हे आपण विसरूनच गेलो.

त्यानंतर डेव्हिस करंडक पुण्यात आला तो थेट फेब्रुवारी २०१७ मध्ये, बालेवाडीला. समोर न्यूझीलंड. पहिल्या दिवशी युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन या दोघांनीही एकेरी जिंकली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं लक्ष लिअँडर पेसकडं होतं. दुहेरीतला त्रेचाळिसावा विजय मिळाला असता, तर विश्वविक्रम पुण्यात झाला असता. पहिला सेट पेस आणि विष्णुवर्धननं घेतलाही, पण पुढचे तिन्ही सितक आणि व्हीनसनं नेले. तिसऱ्या दिवशी रामकुमारनं लढत संपवली, भारत ४-१. आणि पेसचा तो विक्रम? तोही विभागातच झाला. एप्रिल २०१८ मध्ये चीनमधल्या तिआनजिनला, रोहन बोपण्णाच्या साथीनं. इटलीच्या निकोला पिएत्रांगेलीचा ४२ विजयांचा विक्रम जिथं मोडला, ती आशिया-ओशियाना विभागाचीच लढत होती. विभागाला हलकं म्हणणाऱ्यानं हे एकदा लक्षात घ्यावं.

घरच्या प्रेक्षकांपुढं जागतिक क्रमवारीचे आकडे ढिले पडतात, आणि संघासाठी खेळताना कधीकधी परक्याच्या घरीही. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बीलला क्रमवारीत सहाशेच्याही पलीकडं असलेला दक्षिणेश्वर सुरेश पहिल्यांदाच भारताकडून उतरला आणि त्यानं यजमानांच्या जेरोम किमला हरवलं. भारतानं लढत ३-१ नं मारली. पेठेच्या फुटबॉलमध्ये राखीव बाकावरचं पोरगं असंच एकदम हिरो होतं आणि वर्षभर चौकात त्याचीच चर्चा चालते.

दुर्दैवानं टेनिसच्या कारभाऱ्यांना एकमेकांच्या घरी जाऊन खेळायची ही रीतच जुनाट वाटली. ऑगस्ट २०१८ मध्ये ऑर्लँडोत मतदान झालं आणि २०१९ पासून वरच्या संघांची अंतिम फेरी एका शहरात, एका आठवड्यात उरकायची ठरली. पाच सेटचे सामने गेले. पुढच्याच वर्षी वरच्या गटांतले विभागही मिटले आणि ‘जागतिक गट’ आले. आशिया-ओशियाना हे नाव आता खालच्या पायऱ्यांवर उरलं. त्या एका शहरात, म्हणजे माद्रिदमध्ये, ऑस्ट्रेलिया विरुद्ध कॅनडा सामना लागला, तर ईर्षा करायची कुणी? रिकाम्या खुर्च्यांनी उत्तर दिलं. या नव्या स्पर्धेसाठी एका कंपनीबरोबर झालेला पंचवीस वर्षांचा करार २०२३ च्या सुरुवातीला मोडला. आता अंतिम आठ संघांपर्यंतच्या पात्रता फेऱ्या पुन्हा घरच्या किंवा परक्याच्या मैदानावर होतात. वळसा घालून का होईना, पण गाडी पेठेत आली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की आपल्या भागानं अंतिम फेरीची स्वप्नं रंगवण्यापेक्षा या मधल्या पायऱ्यांवर हक्क सांगावा. भारतानं डेव्हिस करंडकाच्या लढती इंदूर, चंडीगड, लखनौलाही भरवल्या आहेत. चांगली कोर्टं आणि भरलेला स्टँड यांपैकी दुसऱ्या गोष्टीची कोल्हापूरला कधी ददात पडणार नाही. पहिली मात्र बांधावी लागेल.

महिलांच्या बिली जीन किंग करंडकात आशिया-ओशियाना विभाग अजून शाबूत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे सामने बालेवाडीतच झाले. सहा देश, पाच दिवस. श्रीवल्ली भामिदिपतीनं पाचही एकेरी जिंकल्या, पुण्याच्या वैष्णवी आडकरनं भारताकडून पदार्पण केलं आणि भारत दुसरा येऊन पुढं गेला. आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली आहे. उद्या ती किंवा तिच्यामागून येणारी एखादी पोरगी विभागीय फेरीत भारताकडून उतरली, तर विम्बल्डनला गाव जाऊ शकत नाही, बालेवाडीला जाऊ शकतं. हायवे आहे, एस.टी. आहे, आणि ताशा कसा वाजवायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको.