ट्रॅक्टर म्हणजे तान्ह्या पोळ्याचा बैल नव्हे



दरवेळी या पानावर बेणे, लागण, खोडवा, खताची मात्रा यांविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण उसाशी त्याचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

माझे घर नागपूरला महालात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. सण झाला की तो बैल माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी जसाच्या तसा खाली येतो. त्याला वैरण नको, पाणी नको. हंगाम संपला की आपण ट्रॅक्टरलाही तसेच माळ्यावर टाकल्यासारखे करतो. गोठ्याच्या कडेला उभा केला, वर ताडपत्री टाकली, झाले! मग गळीत हंगामाच्या तोंडावर चावी फिरवली की नुसते 'टक्' वाजते. बॅटरी बसलेली!

यात मी शहाणा आणि तुम्ही अडाणी, असे मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महालातल्या आमच्या बोळात माझी जुनी गाडी उभी होती. मी दर रविवारी ती पाच मिनिटे चालू करायचो आणि काळजी घेतली म्हणून समाधानाने घरात यायचो. मे महिन्यात ऐन गरजेला तिने दगा दिला. बॅटरीवाला हसून म्हणाला, "साहेब, पाच मिनिटांनी काय होते? सेल्फ मारताना गेलेलं कसंबसं परत येतं. आठवडाभर झिरपून गेलेलं कोण भरणार?" शेतकीची पदविका असलेल्या माणसाला हे कळायला बॅटरीवाला लागला!

गोष्ट सोपी आहे. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे पातळ आम्ल असते. गाडी उभी असली तरी आत रासायनिक क्रिया मंदपणे चालूच राहते आणि चार्ज उतरत जातो. जेवढी उष्णता जास्त तेवढा तो वेगाने उतरतो. विदर्भाचा मे महिना तर आपल्याला माहीतच आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे बसतात. चोपण जमीन जशी पाणी घेत नाही, तशी ती बॅटरी मग चार्ज घेत नाही. म्हणजे बॅटरी वापराने जेवढी मरते, त्याहून अधिक उपासमारीने मरते.

काही सभासद म्हणतात, "काहून एवढी उस्तवार? नवी टाकू." काही हजार रुपयांचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. नुकसान पुढे आहे. तोडलेला ऊस शक्य तो २४ तासांच्या आत गळितास गेला पाहिजे. फडात नाहीतर ट्रॉलीत तो पडून राहिला की वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. वजन तुमचे जाते, उतारा आपल्या सर्वांचा जातो.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. बॅटरी बसली की आपली मंडळी खाली उभे राहून पाना नाहीतर पेचकस लावून स्टार्टर 'शॉर्ट' करतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताच पुढे सरकतो, आणि मोठे चाक नेमके त्या माणसाच्या बाजूला असते. आमच्या भागातील एका सभासदाच्या तरुण मुलाचा पाय असाच गेला. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. पोराचा पाय परत आला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर आधी मायनसची, मग प्लसची केबल काढावी. जोडताना उलटे, मायनस शेवटी. हौसेने बसवलेला टेपही मग बॅटरी खाणार नाही. (नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांसाठी कंपनीचे पुस्तक पाहावे.) टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. पाण्याची बॅटरी असेल तर पट्ट्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी नको, वरून आम्लही नको.

महिन्यातून एकदा मीटर लावून पाहावे. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ व्होल्ट वा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. १२.४ च्या खाली येताच चार्जिंगला लावावी. चार्जिंग सावकाश, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने करावे. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर पुरे. जागा हवेशीर असावी आणि जवळ बिडी-काडी नको, कारण चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. चार्जर नसेल तर ट्रॅक्टर उभ्या उभ्या गुरगुरवू नये. अर्धा-पाऊण तास शेताच्या कामाला न्यावा.

आता व्यवस्थापनासही विनंती. प्रत्येक सभासदाने चार्जर घ्यावा असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक गट कार्यालयात आपोआप बंद होणारा एक चार्जर, एक मीटर आणि ग्रॅव्हिटी पाहण्याची एक नळी ठेवता येणार नाही काय? जे एकट्याला परवडत नाही ते मिळून करायचे, याचसाठी आपण सहकारात आलो. बंद हंगामात आमचे कर्मचारी उसाच्या नोंदी घ्यायला बांधावर येतातच. त्यांनी त्याच फेरीत बॅटरीचीही चौकशी केली तर बिघडत नाही. माझ्या गटात मी या पावसाळ्यापासून सुरुवात करतो आहे.

पोळ्याला बैलाच्या खांद्याला आपण तूप-हळद लावतो, कारण वर्षभर त्याने ओढलेले असते. आता ओढणारा बदलला आहे. त्याचीही आठवण हंगाम नसताना ठेवावी, एवढेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी