केस भाजून कुरळे करायचे? कशासाठी?



लग्नसराई आली की आमच्या वाटूर फाट्यापासून परतूर-मंठ्यापर्यंत प्रत्येक नवरीच्या डोक्यावर एकच प्रयोग चालतो. कमरेपर्यंतचे सरळ केस तापलेल्या दांड्याला गुंडाळायचे आणि त्यांच्या लाटा करायच्या. नवरीच कशाला, करवल्याही रांगेत बसलेल्या असतात. याला माझा विरोध आहे. केस कुरळे करण्याला नाही, ते भाजण्याला! हे आधीच सांगून टाकते, कारण "बाईंना पोरींची हौस बघवत नाही" अशी आवई घरच्याच मंडळींनी उठवली आहे.

हौस बघवते हो. हौस फार जुनी आहे. इथून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर बघा, कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटा किती ठिकाणी दिसतात. अमरकोशात तर त्यासाठी 'अलक' आणि 'चूर्णकुंतल' असे शब्दच आहेत. कसलंसं चूर्ण लावून वळवलेल्या बटा, असा त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ लावतात. विजेची तार तेव्हा कुठे होती?

एवढं लांब कशाला जायचं! मी शाळेत असताना मुलींना दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या. पण गॅदरिंगच्या दिवशी नाचात असलेल्या मुली मोकळे, लाटालाटांचे केस घेऊन हजर. कुणी राधा, कुणी शकुंतला. आदल्या रात्री आईने किंचित ओल्या केसांच्या चार-सहा वेण्या घट्ट न ओढता घातलेल्या, टोकाला दोरा बांधलेला. सकाळी सोडल्या की झालं. खर्च शून्य. कुणाचा कान भाजला नाही की केसाला करपट वास आला नाही.

पार्लरवाल्या मुली मला सांगतात, "आजी, लांब केस हीट दिल्याशिवाय कर्ल धरतच नाहीत." साफ खोटं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातल्या धाग्यांना धरून ठेवणारे काही बंध (हायड्रोजनचे) पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल तो आकार तो धरतो. तापलेला दांडासुद्धा हेच बंध सोडवतो आणि जुळवतो. म्हणजे काम तेच, उष्णतेने फक्त वेळ वाचतो. आणि तो वेळ पार्लरला वाचवायचा असतो, कारण बाहेर अजून चार नवऱ्या बसलेल्या असतात. आमच्या नवरीकडे मात्र आख्खी रात्र असते! डोकं आदल्या दिवशी न्हाऊन घ्या, सकाळी हळद उतरवताना पाणी अंगावरूनच घाला, म्हणजे झालं.

वेळ वाचवण्याची किंमत काय? दोन वर्षांपूर्वी माझ्या जावेच्या नातीच्या लग्नात (पार्लर कुठलं ते सांगत नाही) घाईघाईत ओलसर केसांनाच दांडा लावला. कानाजवळची बट तुटून हातात आली. लेकरू मांडवात रडवेलं होऊन बसलं, आणि बायका म्हणतात "डोळ्यात पाणी सासरच्या विचाराने आलं असेल". तव्यावरची भाकरी का फुगते? आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून. ओल्या केसातही तेच होतं. वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि केस तिथे तुटतो. हे दांडे दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापतात. कोरडा केसही रोज रोज ते सोसत नाही, खरखरीत होतो, टोकं फाटतात. आणि डोक्याबाहेरचा केस हा निर्जीव असतो, बरं का. त्याची जखम भरत नाही. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. ते एका दुपारीत गेलं की गेलं.

हा उद्योग आला कुठून तर साहेबाकडून. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1872 च्या सुमारास तापल्या चिमट्याने लाटा पाडायला सुरुवात केली. पुढे 1906 साली कार्ल नेस्लरने लंडनमध्ये विजेच्या दांड्यांनी कायमचे कुरळे केस करून दाखवले. आधीचे प्रयोग त्याने बायकोवर, कॅथरीनावर केले. त्यात तिचे केस जळले, टाळू भाजली असं सांगतात. शोध नवऱ्याच्या नावावर.

आता तिकडच्याच लोकांना उपरती झालीय. "विनाउष्णतेचे कुरळे केस" म्हणून साटीनची लांब नळी विकायला काढली आहे. रात्री केस तिला गुंडाळायचे नि झोपायचे. माझ्या नातीने मागवली. मी तिला जुन्या सुती लुगड्याची पट्टी पीळ देऊन दिली. दोन्हीच्या लाटा सारख्याच पडल्या. उलट सुताने ओल शोषली.

"पण टिकत नाही ना!" हा धाकट्या दिरांचा मुद्दा. (त्यांना स्वतःला केस नाहीत, तरी मत आहे.) न टिकण्याची कारणं दोनच. केस आतून ओला असताना वेणी सोडणं, आणि सोडल्यावर फणी फिरवणं. वेणी मधोमध चिमटीत धरून बघा. गार लागली तर अजून तासभर थांबा. मग बोटांनीच मोकळे करा, तळव्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब, बस. ठार सरळ केस संध्याकाळपर्यंत सैल होतात, हे मान्य. पण वरात निघेपर्यंत पदर डोक्यावर आलेलाच असतो.

दमट हवेत लाटा लवकर उतरतात हेही खरं. पण आपल्या मराठवाड्यात लग्नं होतात ती कोरड्या दिवसांत. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त कोण काढतं? श्रावणात अंबाडा घाला.