सवलत कोणाच्या खिशातून?

गेल्या डिसेंबरात पुतण्या पुण्याहून नगरला आला, तो कागदात गुंडाळलेली बाटली हातात घेऊनच. "काका, हजाराची वाइन सातशेला मिळाली. वर्षअखेरची सवलत आहे!" आमची आई नव्वदीला टेकलेली. तिने जपमाळ थांबवून विचारले, "द्राक्षाची असली तरी दारूच ना रे ती?" पुतण्या हसून म्हणाला, "आजी, शेतकऱ्याचा माल आहे."

मी मात्र बाटली उलटी करून मागचे लेबल वाचू लागलो. ताळेबंदाची खरी गोष्ट शेवटच्या पानावरच्या टिपांत असते, ही बँकेतल्या नोकरीने लावलेली खोड. वाइन पांढरी होती आणि द्राक्षे तीन वर्षांपूर्वीची. सवलतीचे कारण तिथेच कळले.

आपल्याकडे वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. उन्हाने फळ तापू नये म्हणून पहाटेच तोडणी सुरू होते. फळातली साखर मोजून आणि बी चावून पाहून वाइनमेकर तोडणीचा दिवस ठरवतो. पांढऱ्या वाइनचा रस पोलादी टाक्यांत गार ठेवून आंबवतात आणि विजेचे बिल चालूच राहते. अशी बहुतेक वाइन ताजेपणीच चांगली लागते. ठेवून तिची किंमत वाढत नाही. नवा हंगाम तोंडावर आला की टाक्या आणि गोदाम रिकामे करावे लागते. शिवाय साठ्यावर बँकेचे व्याज चढतच असते. म्हणून दुकानात पाटी लागते. पाटीवर सणाचे नाव असले, तरी तिच्यामागे घाई असते ती व्याजाची.

हा धंदा आपल्या शेजारचाच. नगरहून कल्याणच्या रस्त्याला लागले की आळेफाटा येतो आणि तिथून पुण्याकडे वळले की नारायणगाव. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन तयार केली आणि 'इंडेज'चे नाव परदेशात पोचवले. पुढे अमेरिकेत शिकलेले राजीव सामंत नाशिकच्या घरच्या जमिनीवर परतले. कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅमस्की यांना बरोबर घेऊन त्यांनी 2000 मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आणली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. द्राक्षबागायतदार स्वतःच कारखानदार होऊ लागले, आणि आम्ही बँकवाल्यांनी सढळ हाताने कर्जे मंजूर केली.

त्या वेळी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. खाण्याच्या द्राक्षाला एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा असतो. अगदीच भाव पडला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते बाजार समितीत कोण विचारणार? त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने पाठ फिरवली की उभे पीक वेलीवरच राहते.

2008 ची मंदी आली, वर्षअखेरीस मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेले ओस पडली. वाइनचा खप घसरला. 'इंडेज' कर्जात बुडाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. त्या सुमारास मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. एका लहान वायनरीत साठा तपासायला गेलो, तर टाक्या काठोकाठ भरलेल्या आणि फाटकाशी द्राक्षाचे दोन ट्रॅक्टर उभे. मालक त्यांना आत घेईना. त्याच्याकडे रस ठेवायला जागाच नव्हती. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकाचे मध्यम मुदतीचे कर्ज आमच्याच शाखेत होते. पुढच्या वर्षी त्याने बाग उपटली. त्याला गेलेल्या नोटिशीवर सही माझी होती. नियमाने ती बरोबरच होती. पण कर्ज मंजूर करताना वायनरीशी त्याचा करार कुठे आहे, हे मी विचारले नव्हते.

म्हणून "शेतकऱ्याचा माल" हे शब्द ऐकले की मी थांबतो. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हाही कारण शेतकऱ्याच्या हिताचेच सांगितले गेले. विरोधाचा मोठा आवाज उठला तो आपल्याच जिल्ह्यातून. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी 14 फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केले. लोकांच्या हरकती मागवू, असे सरकारने सांगितल्यावर ते स्थगित झाले. ज्या गावाने दारूच्या भट्ट्या बंद करून आपला संसार सावरला, त्याची ही भीती खोटी कशी म्हणावी? वाइनमध्ये मद्यार्क आहे. आमची आई म्हणते ते खरे आहे, आणि विकणाऱ्यानेही ते स्वच्छ सांगावे. पण द्राक्ष पिकवणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुकान वाढवा म्हणणारे आणि बंद करा म्हणणारे, दोघेही त्याचे नाव घेतात. त्याच्या बिलाची तारीख मात्र कुणी विचारत नाही.

ती तारीख कशी ठरवावी, हे शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यात ऊस घालणारा हाच कारखान्याचा सभासद. उसाचा किमान दर सरकार ठरवते आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कारखाने ती मुदत चुकवतात, आंदोलने होतात, हे नगरकराला सांगायला नको. पण भांडायला हातात काहीतरी कागद असतो! वाइनच्या द्राक्षालाही लेखी करार, ठरलेला दर आणि चौदा दिवसांची मुदत हवी. वायनरीला कर सवलत देताना सरकारने आणि कर्ज देताना बँकेने ही अट आधी घालावी. त्यानंतर उरलेला साठा निम्म्या किमतीत विकला, तरी त्याचा भार निदान बागायतदाराच्या डोक्यावर पडणार नाही.

ती बाटली पुतण्याने दोन दिवसांनी पुण्याला परत नेली. आमच्याकडे उघडलीच नाही. निघताना आईने त्याला विचारले, "तीनशे रुपये कमी घेतले, ते दुकानदाराने सोडले की शेतकऱ्याने?" पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मला उत्तर माहीत होते, पण ते दुकानात कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते.