शक्तिमानच्या पोटातला वारा

वाचकहो, दिवाळी तोंडावर, देवळीत शेजाऱ्याचा वर्षभराचा कापूस भरून आमचा लिलावातला शक्तिमान उभा, आणि आभाळ भरून आलेले! हिंगणघाटचा बाजार गाठायचा होता. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने १९५९ पासून जबलपुरात बनू लागलेल्या या फौजी जातीचा आमचा गडी. पण त्या दिवशी हुंकार देईना.

मी नवी बॅटरी आणायला निघालो. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, सेल्फ तं गरगर फिरते. मंग बॅटरीचा काय दोष? मागून धूर निघते काय?"

धूर नव्हता. म्हणजे डिझेल इंजिनात पोचतच नव्हते.

"पोटात वारा धरला हाय तिच्या!"

नळीच्या सांध्यातला झिजलेला वॉशर त्यांनी बदलला. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबीत राहिले. फसफसत बुडबुडे आले. ते थांबून निखळ धार लागली, तसा स्क्रू आवळला. दुसऱ्याच सेल्फला गाडी गरजली!

शेजाऱ्याने ताडपत्री आवळता आवळता डोळे पुसले. बॅटरीसाठी काढलेल्या नोटा मी मिस्त्रींपुढे धरल्या. त्यांनी फक्त वॉशरचे पैसे घेतले.